कशाच्या मानाने सुकं?

मी एक जुना ओलमापक आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढा, टोकाला दोन सुया आणि पोटात एक बॅटरी. सुया लाकडात टोचल्या की त्यातून अगदी बारीक वीज जाते. लाकूड जितकं ओलं तितकी ती सहज जाते, आणि मी आकडा दाखवतो. एवढंच मला येतं. सध्या मी एका खणात पडून आहे, पण स्वस्थ पडवत नाही.

कारखान्यातून मी थेट एका प्रशिक्षण केंद्रात आलो. पाणी शिरलेली घरं कशी सुकवायची, ते तिथे शिकवत. आवारात एक छोटं घर होतं. दर तुकडीसाठी ते मुद्दाम पाण्याने भरायचे आणि विद्यार्थी ते सुकवायचे. बिचाऱ्या घराला बारा महिने सर्दी! मास्तर म्हणायचे, "तळहाताला विचारू नका, याला विचारा." याला म्हणजे मला. ऐकून माझी छाती फुगायची.

मास्तरांचा एक नियम होता. आधी त्याच घरातलं पाणी न लागलेलं लाकूड शोधायचं आणि त्याचा आकडा लिहायचा. ओलं लाकूड त्या आकड्यावर आलं, की घर सुकलं.

एका तुकडीत एक मुलगी होती, पायाला भिंगरी लावल्यासारखी. सगळे तिला घाईताई म्हणत. तिची शेवटची परीक्षा एका खऱ्या घरात होती. स्वयंपाकघरातला पाइप फुटून ते भिजलं होतं. तिथली आई आणि तिची दमेकरी लेक मावशीकडे राहत होत्या. ओल आत असतानाच सुकवायला उघडलेल्या भिंती लाकडी पट्ट्या ठोकून बंद केल्या, तर मागे बुरशी धरते. त्या हवेत त्या लेकीचे हाल झाले असते.

घाईताईने झोपायच्या खोलीत, भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीत माझ्या सुया टोचल्या. वरून जमीन कोरडी होती. मी एकोणीस टक्के ओल दाखवली. "हवाच दमट आहे," असं पुटपुटत तिने लिहून टाकलं: सुकं लाकूड, एकोणीस. त्या खोलीचं दार लावून ती पुढे गेलीसुद्धा. पाणी जमिनीखालून तिथवर पोचलं होतं, मित्रांनो. मला ते सुयांतून कळत होतं, पण बोलता कुठे येतं?

सहा दिवस पंखे घोंघावले. सहाव्या दिवशी सगळीकडे एकोणीस आलं. सुतार पट्ट्या घेऊन हजर झाला. आई लेकीला घेऊन आली.

"झालं ना ताई? मावशीकडून शाळा फार लांब पडते हो."

"झालं की. सामान आणा."

लेक झोपायच्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार ओढू लागली. ते हलेना.

"आई, हे अजून रुसलेलंच आहे."

"पाणी आल्या दिवसापासून अडकतंय गं. तेल घालू."

घाईताई जागच्या जागी थबकली. ओलं लाकूड फुगतं, म्हणूनच दार अडकतं. मला उचलून तिने कपाटाच्या पायाला टोचलं. बावीस. मग धावत जिन्याच्या माथ्यावर गेली, जिथे पाणी पोचणं शक्यच नव्हतं, आणि कठड्याला टोचलं. अकरा.

"ताई, ठोकू ना?" खालून सुतार म्हणाला.

तिने आपला कागद उघडून पाहिला. कागदावर सगळं जुळत होतं. गप्प राहिली असती तर ती पास होती.

"थांबा काका," ती म्हणाली. तेवढ्यात मास्तर आले. "सर, माझा सुक्याचा आकडाच ओला होता."

"मग निकालात काय लिहू?"

"नापास लिहा. पण पट्ट्या ठोकू नका."

आईचा चेहरा उतरला. "अजून किती दिवस?"

"अकरा येईपर्यंत. चूक माझी आहे, काकू."

आणखी नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी लेकीने कपाट एका हाताने उघडलं. घाईताई पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्या बाकावर बसली.

आता केंद्रात नवी यंत्रं आली आहेत आणि मी खणात आहे. कुठेतरी आत्ताच कुणी घाईने पट्ट्या ठोकत असेल, या विचाराने माझ्या सुया शिवशिवतात. मित्रांनो, माझ्यासारख्याला ठेवून द्यायचं असेल, तर आधी बॅटरी काढा. ती गळते आणि आतून खाते. आणि घर सुकलं असं कुणी सांगितलं, तर हसून एवढंच विचारा: कशाच्या मानाने?