साफ करताना

नोंदणी कचेरीतून निवृत्त होऊन बाईंना नऊ वर्षं झाली होती. तरी साहेबांचं बोलावणं आलं, तशा त्या चष्मा पुसून निघाल्या. मृत्यूनोंदीची जुनी पुस्तकं त्यांच्याच अक्षरात होती. बंदुकीच्या नव्या कायद्यासाठी समिती बसली होती, आणि गोळीने नेमकं कोण मरतं, हे तिला आकड्यांत हवं होतं.

साहेब वयाने कोवळे होते आणि भलतेच खुशीत होते.

"बाई, वर्तमानपत्रं काय छापतात? गुंड मरतात, तरणीताठी पोरं मरतात. छे! निम्म्याहून जास्त साठीपुढचे पुरुष. आपल्याच घरात, एकटे असताना, बंदूक साफ करताना!"

"असं?" बाई म्हणाल्या.

"म्हातारपणी हात कापतात ना! म्हणून साठीपुढच्या प्रत्येक परवानाधारकाला ब्रश, तेलाची बाटली आणि तीन दिवसांचा वर्ग. सगळं फुकट."

"आणि घरच्यांनी सांगितलं तर बंदूक काढून न्यायची, ते कलम?"

"ते गळतंय. उद्या शेवटची बैठक. स्वतःहून गोळी घालून घेणारे चाळीस वर्षांत अकरा. अकरा जणांसाठी कलम कशाला?"

बाईंनी टेबलावरचं जुनं पुस्तक जवळ ओढलं.

पहिली नोंद त्यांना लख्ख आठवत होती. तेव्हा टाक दौतीत बुडवून लिहायचे. शिंप्याची बायको खिडकीशी आली, आणि कारणाच्या रकान्यापाशी टाक थांबला. "साफ करत होते हो," ती म्हणाली, पण नजर काही वर उचलेना. मोठे कारकून मागून पुटपुटले, "लिहा, बाई. तिला त्याच गल्लीत राहायचंय." बाईंनी लिहिलं. पुढे बायका येत गेल्या, शब्द अंगवळणी पडले. शेवटी शेवटी तर बाई विचारतही नसत. त्यांच्या पुस्तकांवर विश्वास ठेवला, तर त्या शहरात बंदुकीइतकी स्वच्छ वस्तू दुसरी नव्हती.

खरं सांगायला हवं होतं, पण एका ओळीशी जीव अडत होता. ती त्यांच्या सख्ख्या भावाची. वहिनी बावीस वर्षं त्या दोन शब्दांवर मान ताठ ठेवून जगत होती.

संध्याकाळी बाई तिच्याकडे गेल्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून तिने उशीचा अभ्रा झटकला.

"वन्सं, तुमच्या भावाने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही. ते बंदूक साफ करणार होते होय?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"आत धावलं कोण होतं, मीच ना? पण भाऊ म्हणजे तुमचा जीव की प्राण. तुम्ही तसं लिहिलंत, म्हटलं, वन्संना तेवढाच आधार. गप्प बसले."

"अगं, मी तुझ्यासाठी लिहिलं!"

वहिनी फिसकन हसली, आणि हसता हसताच तिने तो अभ्रा डोळ्यांना लावला.

"त्या आठवड्यात मी दोनदा चौकीवर गेले होते. म्हटलं, यांची लक्षणं बरी नाहीत, बंदूक घेऊन जा. म्हणाले, परवाना आहे, आम्हाला हात लावता येत नाही."

सकाळी दोघी साहेबांपुढे उभ्या राहिल्या. बाईंनी काही हातचं न राखता सांगितलं. साहेबांचा चेहरा पार उतरला, पण नियम शाबूत होता.

"नुसत्या आठवणीवर नोंद बदलत नाही, बाई. नातेवाइकाचा अर्ज लागतो."

वहिनीने पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला. आवाज खाली आणून म्हणाले, "पण एका अर्जाने टक्केवारी हलत नाही, आजी."

"किती लागतात?"

साहेबांनी गणकयंत्रावर बोटं चालवली. "निदान साठ. आणि बैठक चार वाजता आहे."

वहिनीने खुर्ची पुढे ओढली. "वन्सं, पुस्तक घ्या. सगळ्यात जवळ कोण राहतं?"

बाईंनी बोट ओलं केलं आणि पान उलटलं.