बोर्ड नसलेलं तळं

रविवारी दुपारी ऋताचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घामाघूम होऊन थालीपीठं थापत होते. फोन तेलाच्या बाटलीला टेकवला. एका सेमिस्टरसाठी फिनलंडला गेलेली माझी लेक गोठलेल्या तळ्याच्या काठावर उभी होती.

"आई, पलीकडे बसस्टॉप दिसतोय ना? वळसा घातला तर बस चुकेल. मी वरूनच जाते."

माझा नवरा उल्हास बँकेत दिवसभर जोखीम मोजतो आणि उरलेली घरी आणतो. लिफ्टपर्यंत जातानाही छत्री घेणारा माणूस! तो धावतच आला.

"थांब! नितळ बर्फ असेल तर निदान चार इंच जाड हवा. पांढरा असेल तर दुप्पट. मोजलास?"

"बाबा, लोकांची पावलं आहेत त्याच्यावर."

"कधीची?"

"आय डोन्ट नो लाह!" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "पण बोर्ड नाहीये कुठे."

माझे हात पिठातच थांबले. इथल्या प्रत्येक तळ्याशी, प्रत्येक नाल्याशी बोर्ड असतो. लाल वर्तुळ, बुडणाऱ्या माणसाचं चित्र, चार भाषांत तंबी. लहानपणी ती प्रत्येक बोर्ड मोठ्यानं वाचायची आणि मी कौतुकानं टाळ्या वाजवायचे. बोर्ड नाही म्हणजे धोका नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

'जाऊ नकोस' अगदी ओठांवर होतं. पण मग मीच तिचा बोर्ड झाले असते, आणि उद्या ती दुसऱ्या तळ्यावर, फोनशिवाय उभी असती.

"ऋता, बोर्ड सोड. तुला काय दिसतंय ते सांग."

"बर्फ."

"रंग?"

ती वाकली. "राखाडी. काठाशी जरा पाणी आहे. दोन दिवस इथे वॉर्म होतं."

"काठावरूनच एखाद्या काठीनं टोच. पाय टाकायचा नाही."

तिनं झुडपातली वाळकी फांदी मोडली आणि जोरात खुपसली. फांदी सरळ आत गेली. भोकातून काळं पाणी वर आलं आणि पसरत पसरत शेजारच्या पावलाच्या ठशात भरलं.

तव्यावरचं थालीपीठ करपलं, कुणी उलटलं नाही.

"आई, बोर्ड नव्हता," ती म्हणाली. "खरंच नव्हता गं."

परत ये, आत्ताच्या आत्ता विमान पकड, असं ओरडावंसं वाटलं. मी पिठाच्या हातानंच फोन उचलला.

"नव्हताच, बाळा. आता वळसा घालून जा. बस चुकली तर चुकू दे. आणि पुढे काय काय दिसतंय, ते मला सांगत राहा."

ती चालू लागली. थोड्या वेळानं नाक ओढत म्हणाली, "पुढे एक लाकडी पूल आहे. थांब हं आई, आधी नीट बघते."