सरकीची तोफ

चांगुणाचा भाऊ भाऊबीजेला आला नाही. उकंडराव काही परगावी राहत नव्हता. तिचं घर वरच्या आळीत, त्याचं खालच्या, मध्ये मारुतीचा पार. हाकेच्या अंतरावरून सख्खा भाऊ ओवाळून घ्यायला येत नाही, आणि कारण काय, तर टिनाचा राक्षस. माणसं जमिनीवरून अबोला धरतात, मानपानावरून धरतात. यांचं सगळंच निराळं.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची ही गोष्ट. चांगुणाच्या नवऱ्यानं, शेषरावानं, कुठल्याशा मासिकात यंत्रमानवाचं चित्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. त्यानं आणि उकंडरावानं, दोघा मेहुण्यांनी मिळून, अमडापूरच्या बाजारातून रॉकेलचे रिकामे डबे आणले, बांबूचा सांगाडा केला, आणि बैल सोडलेल्या दोन बंड्यांवर दोन टिनाचे राक्षस उभे केले. आत माणूस उभा राहून हात हलवायचा, बाकीच्यांनी मागून बंडी ढकलायची. धुळवडीच्या दिवशी दोन्ही आळ्यांची पारापुढे लढाई. राक्षसांच्या छातीवर पांढरं मांजरपाट. लाल रंगात बुडवलेले चिंध्यांचे गोळे एकमेकांना मारायचे, शेवटी ज्याचं कापड जास्त पांढरं राहील तो जिंकला. पंच हिंमतराव गुरुजी. गाव या दिवसाची वाट बघायचं.

गेल्या धुळवडीला शेषरावानं छर्ऱ्याची तोफ केली. टिनाची नळी, मागं सायकलच्या ट्यूबचं रबर, आत रंगात भिजवलेली मूठभर तूर. रबर ताणून सोडलं की सगळे दाणे एकदम सुटत. शेषराव पाराजवळून हललासुद्धा नाही. उकंडरावाचा राक्षस गोळा टाकण्याइतका जवळ येण्याआधीच त्याची छाती ठिपक्यांनी भरली. तेवढ्यावर थांबावं ना? शेषराव आतून ओरडला, "उकंडराव, तुमच्या राक्षसाले गोवर आला वाटते." गाव पोट धरून हसलं. उकंडरावानं राक्षस गोठ्यामागं नेऊन टाकला आणि बहिणीच्या उंबऱ्याला पाय लावणं सोडलं.

दिवाळी अशी कोरडी गेल्यावर चांगुणा फार रडली. मग रडून झाल्यावर विचार करू लागली, आणि हे रडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं. पुढची धुळवड जवळ आली तशी तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

"तुमची तोफ जिंकते, पण खेळ मरते. तिले आवरा, नाई तं मीच चुलीत घालीन."

शेषरावाला चूक कळत होती. फक्त तोफेवर त्याचा जीव होता. तिला मोडायची नाही, आवरायची, या बोलीवर तो कबूल झाला. परसात जुनं धोतर टांगून दोघं कामाला लागली. आधी तूर निम्मी केली. तोफ अशी काही फुसकली की शेषराव म्हणाला, याच्यापेक्षा तोंडानं थुंकलेलं बरं. मग नळीचं तोंड रुंद केलं. दाणे चहूकडे उधळले. धोतर कोरडं राहिलं आणि शेजारची म्हैस ठिपक्याठिपक्यांची झाली. म्हशीची मालकीण दोन दिवस बोलत नव्हती. आता अबोले वाढवत बसायचं काय, असं चांगुणाला झालं.

म्हशीवरूनच तिला सुचलं. बैलांच्या आंबोणात घालायची सरकी, कापसाचं बी, तिच्या हातात होती. जिनातून आलेली, अंगाला कापसाची बारीक लव असलेली. तिनं ती रंगात टाकली. लवेनं रंग चांगला शोषून घेतला. तोफेत भरून लांबून मारली, तर अर्ध्या वाटेत खाली पडली, वाऱ्यानं अडवल्यासारखी. धोतराच्या अगदी पुढं उभं राहून मारली, तर धोतर एका दमात लाल. तुरीचा दाणा लांबूनच नेम गाठायचा. सरकीला भेटायला जावं लागे. आणि भेटायला गेलं की उकंडरावाचा गोळाही पोचतोच.

"आता भेव वाटन मले," शेषराव म्हणाला, आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलला.

चांगुणा त्याच पावली खालच्या आळीत गेली. भाऊ खाटेवर पाठ करून बसला. तिनं भावजयीला, पुष्पाबाईला, ऐकू जाईल अशा बेतानं त्याला सगळं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, तू नाई आला तं तुह्या राक्षसात मी उभी राहीन." पुष्पाबाई लगेच म्हणाली, बंडी मी ढकलते. उकंडराव उठला आणि गोठ्यामागं गेला. बराच वेळ टिन ठोकल्याचा आवाज येत होता.

धुळवडीला काय लढाई झाली म्हणता. शेषराव पुढं घुसे, उकंडराव मागं सरके, आणि तोफ भरायला शेषराव थांबला की गोळा त्याच्या छातीवर फाटकन बसे. एकदा तर दोन्ही राक्षसांचे हात एकमेकांत अडकले आणि ते गळ्यात गळे घालून गोल फिरले. हिंमतराव गुरुजींनी दोन्ही कापडं पुन्हा पुन्हा पाहिली, चष्मा पुसून पाहिली, आणि हात टेकले. कोण जिंकलं ते सांगता येईना.

मग भांडण सुरू झालं. माझं कापड वरून पांढरं आहे, तुझं खालून लाल आहे, तुमचा तिसरा गोळा मागून आला, तुम्ही बंडी पारावर चढवली. दोघं अंगानं लालभडक, हातवारे करत वरच्या आळीनं चालू लागले. चांगुणा मागून चालत होती. बोलता बोलता दोघांनी चपला काढल्या, आत शिरले, आणि चुलीपुढं बसले.

"पुढच्या साली मी पण तोफ करतो," उकंडराव म्हणाला. "मंग पाहू. चांगुणे, वाढ लवकर."

तो कुणाच्या घरात बसला आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चांगुणानं आठवण करून दिली नाही. गपचूप ताट वाढलं आणि भांडणाला आणखी एक पुरणपोळी घातली.