ठेवायच्या कोंबड्या

ताई गेली तेव्हा परसात कोंबड्या किती होत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोंबड्या ताईच्या. तिनं पाळलेल्या, तिनं नावं दिलेल्या, तिच्याच हातचं खाणाऱ्या. घड्याळजी इतकी वर्षं त्या घरात राहिला, पण खुराड्याची कडी वर सरकवायची की खाली, हे त्याला ती गेल्यावर कळलं.

घड्याळजी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून गल्लीनं हे नाव पाडलं ते पाडलंच. ताई इस्पितळात नर्स होती, म्हणून ती नर्सबाई. ताईनं लग्न केलं नाही. घड्याळजीनं केलं, पण टिकवलं नाही. माणूस कामाचा चोख आणि तोंडाचा फटकळ. घड्याळ पाण्यात पडलंच नाही असं गिऱ्हाईक म्हणालं की हा आतला गंज चिमट्यात धरून त्याच्या नाकापुढं न्यायचा. बायकोशी पटलं नाही, भागीदाराशी पटलं नाही. थोरल्या भावानं आपल्याकडे ठेवून घेतलं, तर महिना उलटायच्या आत भावजयीशी वाजलं. शेवटी ताई आली आणि त्याला घेऊन गेली.

तो मात्र ही गोष्ट निराळी सांगे. ताई एकटी पडली होती, बाईमाणसाचं घर, नळ गळला तर बघायला कुणी नाही, म्हणून आपण जाऊन राहिलो, असं. ताईच्या तोंडावरही म्हणायचा, "मी नसतो तर तुझं कसं झालं असतं?" ताई भाजी निवडता निवडता म्हणायची, "खरंय रे बाबा."

ती गेली साध्या तापाचं निमित्त होऊन. घड्याळजीला रडू आलं नाही. माणसं येऊन बसली, चहा पिऊन गेली. कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, रडून घ्या, मोकळं वाटेल. त्यावर यानं नेहमीसारखं टोचून बोलायला हवं होतं, पण तेही सुचलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. फक्त पायाचं नाही, सगळ्याचंच. चहात साखर घातली की नाही हे अर्धा कप संपल्यावरही सांगता येत नसे.

कोंबड्यांकडे तो वेळच्या वेळी बघत होता, त्यात खोट नव्हती. सकाळी दाणे, पाणी, संध्याकाळी खुराडं बंद. पण अंडी त्याच्यानं उचलवेनात. हात घातला की वाटायचं, हे ताईचं आहे, आपण कशाला हलवायचं. असू देत जिथल्या तिथं. आता अंडी जिथल्या तिथं ठेवली तर कोंबडी काय करणार? ती बसली त्यांच्यावर. एक खुडूक झाली, तिचं बघून दुसरी, मग तिसरी. केसाएवढ्या स्प्रिंगचं दुखणं नुसत्या नजरेनं ओळखणाऱ्या या माणसाला, एका सकाळी खुराड्यातून चिवचिव ऐकू येईपर्यंत आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

पिल्लं वाढली, त्यांच्या तरण्या तलंगा झाल्या, तोवर पुन्हा दोघी-तिघी बसल्या होत्या. डझनभर कोंबड्यांसाठी बांधलेल्या खुराड्यात आता पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. कोंबडे एकमेकांवर ओरडत सुटले. ते त्यानं बाजारातल्या चिकनवाल्याला देऊन टाकले. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण राहिलेल्याही भाराभर. एकमेकींच्या पाठी टोचून त्यांनी पिसं उपटली होती, काहींच्या शेपटाजवळ रक्त साकळलं होतं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी भिंतीवरून हळूच सांगून पाहिलं, की वासाचं आम्ही सोसू, पण त्या मुक्या जिवांचे हाल होताहेत, निम्म्या तरी कमी करा. घड्याळजी म्हणाला, "करतो." भांडला नाही, काही नाही. मास्तरीणबाई घरात जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, माणूस फार खचलाय हो.

कोणत्या ठेवायच्या? ताई हे काम दरवर्षी थंडीच्या तोंडावर करायची, आणि ते बघून घड्याळजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण ही बाई चांगल्या चांगल्या कोंबड्या वाटून टाकायची. रोज अंडं देणारी एक मास्तरीणबाईंना, एक बसच्या ड्रायव्हरच्या घरी, एक पलीकडच्या नव्या बाळंतिणीला. आणि घरात उरायची ती सगळी भंगार मंडळी. पाय मुडपून चालणारी लंगडी. मानेवर पीस नसलेली टकली. येईल त्याला टोचणारी फौजदारीण, जिनं अंडं दिल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. घड्याळजी म्हणायचा, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. लोक तुला हातोहात बनवतात." ताई हसायची आणि फौजदारिणीला वेगळं नेऊन दाणे घालायची, कारण बाकीच्यांत सोडली तर ती कुणाला धड जेवू देत नसे.

ताईच्या मागं तिचं म्हणून उरलं होतं ते हेच. कपडे थोरल्या भावाच्या बायकोनं नेले, इस्पितळानं गणवेश परत मागितला. आता हे एक काम तरी आपण तिच्यासाठी नीट करायचं, असं घड्याळजीनं ठरवलं. तिला जमलं नाही ते शहाणपण आपण दाखवायचं. तिचा कळप असा लावून द्यायचा की बघणाऱ्यानं म्हणावं, नर्सबाईंच्या कोंबड्या म्हणजे कोंबड्या. इतक्या महिन्यांत त्याला काही करावंसं वाटलेलं हे पहिलंच.

चिकनवाल्यानं परीक्षा शिकवली. कोंबडी उलटी धरायची, शेपटाखाली दोन हाडं लागतात, त्यांच्या मधे बोटं टेकवून बघायची. दोन-तीन बोटं मावली तर अंड्यावर आहे, एकच मावलं तर बंद. घड्याळजीला ही भाषा पटली. जन्मभर त्यानं तेच केलं होतं, चालू इकडे आणि बंद तिकडे. परसात स्टूल टाकून, डोळ्याला भिंग लावून तो बसला. एकेक कोंबडी मांडीवर घ्यायची, हाडं बघायची, तुरा बघायचा, आणि पायाला दोरा बांधायचा. राहणारीला पांढरा, जाणारीला काळा. लंगडीला काळा. टकलीला काळा. खुडकांतल्या म्हाताऱ्या दोघींना काळा. फौजदारीण तीनदा निसटली, चौथ्यांदा सापडली तेव्हा त्याच्या मनगटाचं सालटं काढून गेली. तिला दुहेरी काळा.

शहाणीला मात्र तपासायचीही गरज नव्हती. ही नवीन तलंगांतली. ताईनं कधी पाहिलेली नाही, म्हणून नावही घड्याळजीनंच दिलं. तांबूस, गुबगुबीत, अंडं द्यायला नेमाची. तो स्टुलावर बसला की येऊन त्याच्या पावलावर बसायची. तिच्या पोटाची ऊब घोट्याला लागायची आणि तेवढ्या जागेपुरतं त्याला काहीतरी कळायचं. ती होती म्हणून तो सकाळी उठत होता म्हटलं तरी चालेल. तिला त्यानं पांढरा दोरा बांधला, जरा सैलसर.

ठरल्या सकाळी चिकनवाला जाळीचा क्रेट घेऊन आला. काळ्या दोऱ्याच्या कोंबड्या घड्याळजीनं धरून द्यायच्या, त्यानं आत टाकायच्या. काम झटपट चाललं होतं. शेवटी फौजदारीण राहिली. तिनं चिकनवाल्याच्या अंगठ्याचा असा लचका घेतला की तो हात झटकत हसायलाच लागला.

"हिची किती वर्षं वाट बघितली मी," तो म्हणाला. "नर्सबाई असत्या तर मिळाली नसती."

घड्याळजीनं विचारलं, म्हणजे काय.

"म्हणजे दरवर्षी मागायचो ना. म्हणायचो, बाई, चांगल्या वाटून टाकता आणि ही अडगळ पोसत बसता, जरा उलटं करा की. दोघांचं भलं होईल."

"मग?"

"मग काय. म्हणायच्या, चांगलीला कुणीही घरात घेतं रे. हिला माझ्याशिवाय कोण ठेवणार?" त्यानं क्रेटचं झाकण लावलं. "तुम्ही बरं केलंत. संसार असा नाही चालत."

घड्याळजी तिथंच उभा राहिला. म्हणजे ताईला कुणी बनवलं नव्हतं. ती पूर्ण शुद्धीत, हिशेबानं, दरवर्षी हेच करत होती. ज्यांचं कुठंही निभेल त्यांना घर बघून द्यायची, आणि ज्यांना बाहेर पडताच सुरी, त्यांना आपल्याकडे ठेवायची. भिंतीपलीकडच्या मास्तरीणबाईंकडे तिनं दिलेली कोंबडी अजून हिंडत होती. ड्रायव्हरच्या घरीही होती. चांगल्यांचं चांगलंच झालं होतं.

मग त्याचा विचार पुढं गेला. त्याला तो जाऊ द्यायचा नव्हता, पण गेला. बायकोनं ठेवलं नाही, भागीदारानं ठेवलं नाही, सख्ख्या भावानं महिनाभर ठेवलं नाही. टोचायचा आणि हाती काही द्यायचा नाही, असा माणूस. आणि तो इतकी वर्षं ताईला सांगत आला होता की मी नसतो तर तुझं कसं झालं असतं. ती म्हणायची, खरंय रे बाबा. एकदाही हसली नव्हती.

"झाकण उघड," तो चिकनवाल्याला म्हणाला.

चिकनवाल्याला आधी वाटलं, दरावरून काही आहे. मग तो चिडला, मग त्यानं समजावून पाहिलं, की यांचा उपयोग काय, दाणे फुकट. घड्याळजी वाद घालत बसला नाही. गल्लीनं हेही पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं स्वतःच खाली बसून झाकण काढलं आणि एकेकीला उचलून बाहेर ठेवलं. लंगडी आपली लंगडत पाण्याकडे गेली. फौजदारिणीनं बाहेर येता येता त्याच्या हातावर चोच मारली. सणकून लागलं. बऱ्याच दिवसांनी लागलं.

पण खुराडं काही मोठं झालं नव्हतं. आता पांढऱ्या दोऱ्याच्या जायला हव्या होत्या. चिकनवाल्याच्या क्रेटमधून नव्हे, हातात धरून, घर बघून. त्यानं दोन ड्रायव्हरच्या घरी पोचवल्या. एक इस्पितळातल्या आयाबाईला दिली, एक बाळंतिणीच्या सासूनं मागून घेतली. प्रत्येक खेपेला परत येताना तो बघायचा, शहाणी स्टुलापाशी बसलेलीच असायची. तिला ठेवली तर कोण विचारणार होतं? एकच तर कोंबडी. एवढी खुडूक मंडळी पोसायची तर एखादी कमावती नको का? अशी सगळी कारणं त्यानं मनात मांडून झाली. सगळी बरोबर होती. ताईनं यातलं एकही ऐकलं नसतं हेही त्याला ठाऊक होतं. असल्या कोंबडीला तर तिनं सगळ्यांत आधी घर शोधलं असतं.

त्यानं शहाणीला उचलून काखेत घेतलं. ती चोच मिटून गप्प बसली. भिंतीला वळसा घालून तो मास्तरीणबाईंच्या दारात गेला.

मास्तरीणबाई वह्या तपासत होत्या. लगबगीनं बाहेर आल्या, कोंबडीकडे बघून म्हणाल्या, "अहो घड्याळजी, ही तर तुमच्या पायाशी बसणारी. सगळ्यांत चांगली. ही कशाला देताय?"

"चांगली आहे म्हणूनच," तो म्हणाला. "ही कुठंही राहील."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. शहाणीनं जराही खळखळ केली नाही. या काखेतून त्या काखेत गेली आणि तिथंही तशीच गप्प बसली, डोळे अर्धवट मिटून. घड्याळजीचे हात मात्र तसेच पुढं राहिले, ते कुठं ठेवावेत हे त्याला समजेना.

मास्तरीणबाईंनी जरा वेळानं जपून विचारलं, "आणि तुम्ही? एकटे कसे राहणार इथं? कुणाकडे जायचं काही ठरलंय का?"

"मी कुठं जाणार?" तो म्हणाला. "मला ताईनं ठेवून घेतलंय."

एवढं बोलला आणि भर सकाळी, दुसऱ्याच्या दारात, त्याला रडू फुटलं. मास्तरीणबाईंना काय करावं कळेना. त्या कोंबडी छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा ताईला हाका मारत राहिला.