जनरलचा घसा

माणसाचा आवाज ही त्याला परमेश्वराने दिलेली देणगी असते. ती विकत मिळत नाही, उसनी मिळत नाही आणि कोणाला हिरावूनही घेता येत नाही. भामगावच्या हिंदुराव येळवंड्यांना मात्र ही देणगी उंदरांनी दिली होती.

त्याचे असे झाले. चाकणच्या बाजारात मीरासाहेब मुलाणी यांचे मंडप, गाद्या, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. महायुद्ध संपल्यावर देहूरोडच्या छावणीतला गोऱ्या सोल्जरांचा तंबूतला सिनेमा बंद पडला, तेव्हा त्याचा लाउडस्पीकर मीरासाहेबांनी लिलावात उचलला. कपाटाएवढी लाकडी पेटी, आत परातीएवढा कागदी पडदा आणि त्याच्या मागे एक लोहचुंबक, जे उचलताना दोन्ही हमालांनी आपापल्या देवाचे नाव घेतले होते. फौजेतून आला म्हणून लोक त्याला जनरल म्हणू लागले.

जनरल बरीच वर्षे इमानाने बोलला. पुढे त्याच्या पडद्याची कड सुटली आणि मीरासाहेबांनी ती घरच्या पिठाच्या खळीने चिकटवली. खळ म्हणजे उंदरांच्या लेखी जिलबी. एका पावसाळ्यात गोदामातल्या उंदरांनी जनरलच्या घशावर पंगत मांडली. मीरासाहेबांनी भोकांवर सिमेंटच्या पिशवीचे कागद लावले आणि वेळ मारून नेली. तेव्हापासून जनरलमधून काहीही बोलले तरी ते विहिरीत पडलेल्या वाघाने तक्रार करावी तसे ऐकू येई.

नेमक्या त्याच साली, म्हणजे त्रेसष्टला, भैरवनाथाच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा माइक हिंदुरावांच्या हातात आला. जुना पुकारणारा आजारी पडला होता आणि त्या दिवशी गावात लिहितावाचता येणारा, कामावर न गेलेला आणि शुद्धीत असलेला पुरुष एवढा एकच होता. हिंदुराव मचाणावर चढले, माइकसमोर खाकरले, आणि पलीकडच्या शिवारातली जनावरे दावी तोडून पळाली. गाव एकमेकांकडे बघत राहिले. असा आवाज पंचक्रोशीत नव्हता.

खुद्द हिंदुरावांच्या गळ्यातही तो नव्हता. पिंपरीच्या एका कंपनीत ते स्टोअरमध्ये होते. तिथे फोन उचलून 'स्टोअर' म्हणाले की पलीकडचा माणूस अदबीने म्हणे, "ताई, जरा स्टोअरकीपरला द्या." हिंदुराव थोडे थांबत आणि त्याच आवाजात 'बोलतोय' म्हणत. मग पलीकडचा फोन ठेवून देई. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस हे असे. यात्रेचा एक दिवस मात्र ते वाघ होते. संध्याकाळी कुस्त्या सुरू होण्याआधी पंचकमिटीचे अध्यक्ष साऱ्या गावासमोर त्यांना मानाचा केशरी फेटा बांधत. त्या फेट्यावर हिंदुराव पुढली यात्रा येईपर्यंत जगत.

आणखी एक सुख होते, त्याची वाच्यता त्यांनी कुठे केली नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या ध्यानात आले की जनरलमधून फक्त गडगडाट बाहेर पडतो, शब्द एकही कळत नाही. तेव्हापासून ते गाडामालकाचे नाव पुकारले की त्याच दमात त्याच्याविषयीचे आपले खरे मत सांगून टाकत. वर्षभर मनात साठलेले सगळे ते असे हजारो लोकांच्या तोंडावर बोलत आणि लोक टाळ्या वाजवत. अशी सोय या देशात फार थोड्या लोकांना आहे.

ही व्यवस्था चौऱ्याहत्तरपर्यंत सुरळीत चालली. त्या वर्षी अध्यक्ष उद्धवराव येळवंडे यांनी देवळाच्या कळसाला मोठी देणगी दिली आणि आपले नाव तीनदा पुकारायला लावले. हिंदुरावांनी ते पुकारले. तिसऱ्या वेळी, हरवलेल्या पोराचा पुकारा समजून, एक बाई धावत मचाणापाशी आली आणि आपले हरवलेले पोर मागू लागली. उद्धवराव समोरच्या गादीवर बसले होते. ते ताडकन उठले. मग त्यांनी जाहीर केले की पुढच्या यात्रेला जनरलचा घसा दुरुस्त झालेला पाहिजे, नाहीतर पुण्याचा स्पीकर आणू.

मीरासाहेब तोवर थकले होते. दुकान त्यांचा मुलगा वजीर बघत होता. वजीरने टपालाने रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला होता आणि सर्टिफिकेट गल्ल्याच्या वर अशा उंचीवर टांगले होते की गिऱ्हाइकाने भाव केला की त्याच्या डोक्याने ते हलावे. स्वतःबद्दल त्याचे मत चांगले होते आणि ते तो कोणापासून लपवत नसे. जनरलला हात लावायला मिळावा म्हणून तो लहानपणापासून झुरत होता. त्याने पुण्याच्या चार चकरा करून नवा पडदा मिळवला. जळून काळी पडलेली कॉइल सोडवून नव्या तारेने, श्वास रोखून, केसाला केस लावून गुंडाळली. चुंबकाच्या फटीत शेजारच्या लेथवाल्याकडचा लोखंडाचा बारीक कीस वर्षानुवर्षे जाऊन बसला होता. तो त्याने कणकेची गोळी फिरवून कणाकणाने टिपून काढला. कड चिकटवायच्या खळीत मोरचुदाची विषारी निळी पूड मिसळली. मग जनरलच्या डोक्यावर बारीक सुरांसाठी एक पत्र्याचा छोटा कर्णा बसवला आणि जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर काढून ट्रान्झिस्टरचा जोडला. हे सगळे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. लोकांना फारसे समजत नसे, पण चहा होई.

यात्रेच्या आधीच्या आठवड्यात चाचणीला हिंदुरावांना बोलावले. फर्स्ट शिफ्ट करून ते सायकलने चाकणला आले, माइक हातात घेतला, खाकरले आणि म्हणाले, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं."

दुकानात भाजी घ्यायला निघालेल्या बाईसारखा एक आवाज उमटला. हिंदुरावांनी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"बघा," वजीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "जसा हाय तसा. मुंगी बोलली तर मुंगीच ऐकू यील."

हिंदुरावांनी त्याला एका बाजूला घेतले. काम झकास झाले आहे, हे त्यांनी आधी कबूल केले. मग हळूच म्हणाले की त्या पडद्याला खालच्या अंगाला, कोणाच्या नजरेस येणार नाही अशी, एक बारीकशी चीर दिली तर?

वजीरला प्रथम ती थट्टा वाटली. मग हिंदुरावांचा चेहरा पाहून त्याने सर्टिफिकेटकडे बोट केले. "हिंदुभाऊ, फाटल्यालं सांधायचं सगळं शिकवलं त्यांनी. सांधल्यालं फाडायचा धडाच न्हवता त्यात."

हिंदुरावांनी आर्जव केले, फेट्याची आठवण करून दिली, मीरासाहेबांच्या पुण्याईचा दाखला दिला, शेवटी गावच्या जनावरांना नव्या आवाजाची सवय नाही असेही सांगून पाहिले. वजीर विरघळला नाही. त्याने पडद्यापुढे लोखंडी जाळी ठोकून टाकली.

घरी येऊन हिंदुराव जेवले नाहीत. मंजुळाबाईंनी कारण काढून घेतले आणि भाकरी पुन्हा ताटात ठेवली. म्हणाल्या, "मला तर ह्योच आवाज म्हाईत हाय. ह्याच आवाजात लगनाला व्हय म्हणला होता न्हवं? माझ्या बापाला वाटलं, तुमची भैन बोलली."

यात दिलासा होता की नाही हे हिंदुरावांना ठरवता येईना. पण रात्रभर तळमळताना त्यांना एक गोष्ट पटली. आपला आवाज ज्यांनी दिला होता, गाऱ्हाणेही त्यांच्याकडेच नेले पाहिजे.

घरात उंदरांना तोटा नव्हता. शुक्रवारी कंपनीत रजा टाकून हिंदुराव एक धडधाकट उंदीर पिंजऱ्यासकट पिशवीत घालून चाकणला गेले. दुपारी वजीर नमाजाला गेला की दुकानाची अर्धीच फळी लागलेली असे. शेजारच्या लेथवाल्याला त्यांनी सांगितले की माइकची उंची बघायची आहे. आत शिरून जनरलच्या मागच्या झडपेतून त्यांनी उंदीर आत सोडला आणि झडप लावली. तेवढ्यात बाहेर कोणी खाकरले, म्हणून ते जे निघाले ते थेट इंद्रायणीचा पूल लागेपर्यंत सायकलवरून उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वजीर स्वतः भामगावला आला. त्याच्या हातात पिंजरा होता. मंजुळाबाई घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालून घेत. पितळेवर कोरून, पत्र्यावर रंगाने. पिंजऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सौ. मंजुळाबाई हिंदुराव येळवंडे' असे ठसठशीत लिहिले होते.

"वहिनी, तुमचा पिंजरा ऱ्हायला व्हता दुकानात," वजीर म्हणाला. हिंदुराव एकाएकी सायकलची चेन बघू लागले. वजीर ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि सावकाश म्हणाला, "भाऊ, खळीत मोरचूद हाय. त्यानं नुसता वास घेतला न् कोपऱ्यात तोंड करून बसला बिचारा. जनरलची झडप उघडली तर माझ्या पायावरनं असा पळाला, जसा काही त्यालाच फसवून आणला व्हता."

मंजुळाबाईंनी पिंजरा फडताळावर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता चहा टाकला. वजीरने त्या गोष्टीची कुठे वाच्यता केली नाही. एवढ्या गुणाचा माणूस स्वतःची तारीफ सोडून दुसरे काही सांगत नसे, हेही त्याचे एक कारण असावे.

यात्रा उजाडली. घाटाच्या, म्हणजे गाड्या पळवायच्या चढाच्या, दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. जनरल मचाणाशेजारी नव्या रंगात उभा होता. हिंदुराव मान खाली घालून फासावर चढावे तसे वर चढले. देवाचे नाव घेऊन त्यांनी तोंड उघडले, आणि त्यांचा स्वतःचा, स्टोअरमधला, फोनवरचा आवाज माळावर पसरला. पुढल्या रांगेतली माणसे इकडेतिकडे बघू लागली. एकाने विचारले की हिंदुराव कुठे गेले आणि कोणाच्या सुनेला वर चढवलंय? गादीवर उद्धवरावांची भुवई वर गेली. फेट्याचे तबक त्यांच्या शेजारीच होते. हिंदुरावांना तेथून ते स्पष्ट दिसत होते.

पहिला गाडा साहेबराव कडांचा होता. हिंदुरावांच्या डोक्यात आवाजाशिवाय दुसरे काही नव्हते. अशा वेळी माणूस सवयीने बोलतो. ते म्हणाले, "साहेबराव कड यांचा गाडा जुपतोय. बैल लाखाचे हायेत. गेल्या साली हरल्यावर म्हणले बैलाला नजर लागली. बैलानं साहेबरावाला बघितलं, म्हणून लागली."

माळावर शांतता पसरली. हिंदुराव टाळ्यांची वाट बघत थांबले, कारण एरवी त्या इथेच येत. मग त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आवाजाची एवढी काळजी केली होती की आता शब्दही कळणार आहेत, हे पार विसरूनच गेले होते.

माइक ठेवून मागच्या बाजूने उतरावे की पुढच्या, याचा विचार ते करत होते, तोच सगळा माळ खो खो हसू लागला. भेळवाल्यांची गिऱ्हाइके हातातला कागद घेऊन घाटाकडे पळाली. खुद्द साहेबरावांनी भंडारा उधळला. बारा वर्षांत त्यांच्याविषयी कोणी एवढे लांबलचक बोलले नव्हते. हिंदुराव घाबरून पुढचे नाव पुकारू लागले आणि घाबरल्यामुळे पुन्हा सवयीने बोलू लागले. बारीक आवाजात, आजारी माणसाची विचारपूस करावी तशा सुरात, ते एकेकाचे माप काढत गेले. दुपारपर्यंत गाडामालक मचाणाखाली रांग लावून, आमच्यावर पण दोन शब्द बोला, म्हणून विनवू लागले.

शेवटी उद्धवरावांचा गाडा आला. हिंदुरावांनी क्षणभर तबकातल्या फेट्याकडे बघितले. नुसते नाव घेऊन गप्प बसता आले असते. माळभर माणूस कान टवकारून उभा होता.

"अध्यक्ष उद्धवराव येळवंडे यांचा गाडा," हिंदुराव म्हणाले. "गेल्या साली ह्यांचं नाव तीनदा पुकारलं तर एक माउली पोर न्यायला आली. माउली हितं असंल तर सांगतो, आज नाव नीट ऐका. हे पोर आमचंच हाय. नेलं तरी चालंल."

हशा देवळाच्या शिखरापर्यंत गेला. उद्धवराव उभे राहिले. त्यांनी वजीरला हाताने बोलावले आणि विचारले, हे सगळ्यांना ऐकू गेले काय? वजीर छाती काढून म्हणाला, शब्द न् शब्द. माझे नावसुद्धा? नाव तर सगळ्यात स्वच्छ, वजीर म्हणाला. उद्धवरावांनी थोडा विचार केला आणि खाली बसले. एवढ्या लोकांनी त्यांचे नाव एकदम कधीच ऐकले नव्हते.

संध्याकाळी कुस्त्यांच्या आधी त्यांनी हिंदुरावांना फेटा बांधला, नेहमीपेक्षा जरा आवळून. टाळ्या बराच वेळ थांबेनात. हिंदुरावांनी माइकवरून, आपल्याच आवाजात, सर्वांचे आभार मानले, आणि मंजुळाबाई बायकांच्या घोळक्यात म्हणाल्या की आमचेच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजीरचा टेम्पो आला. जनरल, माइक, खुर्च्या, गाद्या आणि लोड मोजून आत चढवले गेले. सगळ्यात शेवटी हिंदुरावांनी घरून फेटा आणून दिला, दरवर्षी देत तसा. तो मंडपाच्या भाड्यात धरलेला होता.