चिंच-राखेने घासलेली कॉफीची चक्की

मी एक जुनी हातचक्की आहे, मित्रांनो. कॉफीच्या बिया दळणारी. आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी शेजारच्या चहाच्या गाळणीकडे जावं. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण ती गोड बोलते.

माझे दात कोडगूचे आणि अंग भंडाऱ्याचं. आधी मी लाकडी होते. गोसीखुर्दच्या धरणाच्या कामावर बेळिअप्पा नावाचे इंजिनियर साहेब कर्नाटकातल्या कोडगूहून आले, तेव्हा मला ट्रंकेत घालून घेऊन आले. इथल्या वाळवीने दोन वर्षांत माझं लाकूड फस्त केलं. साहेब हळहळले आणि मला भंडाऱ्याला घेऊन गेले. तिथे श्रावण नावाच्या पितळेच्या कारागिराने मला नवं अंग ठोकून दिलं. "यात का दळता साहेब, मिरे?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "कॉफी." श्रावणने मान हलवली आणि वरचं तोंड मिऱ्यांच्या मापाचंच ठेवलं. शहाणा होता मोठा! पुढे साहेबांनी ते घासून मोठं करून घेतलं.

तर बाहेरून मी पिवळीधमक पितळी, आणि आत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दोन दातेरी चाकं. पितळेला पाणी चालतं, बिडाला चालत नाही. माझी सगळी रडकथा एवढ्यातच आहे, पण बसलाच आहात तर पुरती ऐका.

साहेबांच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकाला ज्योत्सना यायची. तिचा नवरा लिलाधर नदीत मासे धरायचा. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि घरदार नव्या वसाहतीत येऊन पडलं होतं. साहेबांना कॉफी काळी लागायची, बिनदुधाची. ज्योत्सनाने पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं की मला माझ्या सगळ्या खानदानाची लाज वाटली. "साहेब, तुमाले डाक्टरनं सांगतलं का हे प्याले?" ती म्हणाली. साहेब हसले. रागावले असते तर ती तिथेच थांबली असती, आणि कदाचित बरं झालं असतं.

पण ती शिकली. जशी शिकली तसं कोणी शिकत नाही, हे मी दात असेपर्यंत सांगेन. बिया जेवढ्या लागतात तेवढ्याच दळायच्या, त्याही पाणी तापत ठेवल्यावर. दळण रव्याएवढं, पिठाएवढं नाही. पाण्याला उकळी आली की खाली उतरवायचं आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं, कारण रटरटतं पाणी कॉफी जाळतं. मग स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात दळण घेऊन त्यावर आधी थोडंसंच पाणी. ते फुगतं, फसफसतं, श्वास टाकतं. तेवढा वेळ हात आवरायचा. इथेच बहुतेक माणसं घाई करतात आणि मग कॉफी कडू म्हणून बोंबलतात. उरलेलं पाणी बारीक धारेने, गोल गोल, मनातल्या मनात काही गुणगुणत.

एका सकाळी ज्योत्सना कपाला नाक लावून उभी राहिली. "साहेब, यात मोहफुलाचा वास हाये. वाळलेल्या मोहफुलाचा," ती म्हणाली. साहेबांनी स्वतःचा कप हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. त्यांनी आयुष्यभर ती कॉफी प्यायली होती, आणि तिच्यात काय आहे हे त्यांना एका धिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, सुनेने सांगितलं. त्या दिवसापासून ते तिला आधी कप द्यायचे आणि मग स्वतः घ्यायचे. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते तेवढंच.

साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं. सोबत एक बारीक कुंचली दिली आणि म्हणाले, "हिला कुंचलीने झाडायचं. पाणी दाखवायचं नाही. कधीच नाही." दर दोन-तीन महिन्यांनी बियांचं पार्सल पाठवीन, असं म्हणाले आणि खरंच पाठवत राहिले. साहेब शब्दाचे पक्के निघाले, हे माझ्यासारख्या खवचट बाईलाही कबूल करावं लागतं.

वसाहतीतल्या घरात मात्र माझी किंमत शून्य. ज्योत्सनाची सासू गुणाबाई, जिला ती मामी म्हणते, मला बघून नाक मुरडायची. "घरात दूध असून काळा काढा पिते. कायले? कोन मेलं का?" गल्लीतल्या बायकांनीही माझ्या मालकिणीचं नाव काढेवाली ठेवलं. जनगणनेला आलेल्या एका मास्तरांना तिने मोठ्या हौसेने कप दिला. त्यांनी तीनदा साखर मागितली आणि उरलेली तुळशीत ओतली. रोज भल्या पहाटे, धानाच्या रोवण्याला जायच्या आधी, ज्योत्सना एकटीपुरतं दळायची आणि मागच्या दारात बसून प्यायची. भंडारा जिल्ह्यातली सगळ्यात चांगली कॉफी मागच्या दारात, कोंबड्यांच्या साक्षीने प्यायली जात होती. कोंबड्यांना काय कळतं?

अशी बारा-तेरा वर्षं गेली. चिखलात दिवसभर वाकून धान रोवून ज्योत्सनाची कंबर कामातून गेली. उठताना ती आधी जमिनीला हात टेकायची, मग भिंतीला. आणि यंदा धरणाच्या पाण्याकाठी एक नवं रिसॉर्ट उघडलं. लिलाधर तिथे मासे द्यायला जायचा. एक दिवस तो बातमी घेऊन आला की, नागपूरच्या मालकाला पाहुण्यांसाठी हाताने दळलेली कॉफी हवी आहे आणि ती करणारी बाई गावातलीच हवी आहे. मॅनेजर चाचणी घेणार होता.

"मी त्याले सांगतलं, माह्या घरी हाये म्हनून," लिलाधर म्हणाला.

ज्योत्सना किती तरी वेळ भाकरी थापायची विसरली. चिखलातून सुटका तर होतीच, पण मला ठाऊक आहे तिला खरी ओढ कशाची होती. जे तिला येतं ते कोणाला तरी हवं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आता ऐका. चाचणीच्या आदल्या दिवशी ज्योत्सना रोवण्याला गेली होती. दुपारी गुणाबाईने मला फळीवरून खाली काढलं. तिने मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. माझ्याकडे बघत ती स्वतःशीच पुटपुटली, "साहेबलोकाइच्या समोर अशी काळीकुट्ट नेशीन का?" आणि तिने चिंच भिजत घातली.

इथल्या बाईला पितळ म्हटलं की चिंच आणि राख. लग्न असो, पाहुणे असोत, घरातली गुंड-घंगाळं घासून झळझळीत केल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर तोंड दाखवता येत नाही. सुनेला मान मिळावा म्हणून म्हातारीने गुडघे दुखत असताना मला तासभर घासलं. प्रेमानेच घासलं हो, तेच तर दुखतं. बाहेरून घासून तिचं समाधान होईना, तेव्हा बादलीत बुचकळून तिने मला आतूनही खळखळून धुतलं. चिंचेचा आंबट कोळ माझ्या दातांच्या फटीत शिरला. मी ओरडले असते, पण आम्हा वस्तूंना तोंड फक्त दळायला दिलेलं आहे. तिने मला बाहेरून लखलखीत पुसलं, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गाठ मारून बांधलं आणि सकाळी निघताना सुनेच्या हातात ठेवलं. "गाठ तिथंच सोड," एवढंच म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू तिला लपवता येत नव्हतं.

पाणी दाखवायचं नाही, हे ज्योत्सनाने सासूला कधी सांगितलंच नव्हतं. जी काढा म्हणून थुंकते तिला कशाला सांगायचं? राहून गेलं.

रिसॉर्टच्या किचनमध्ये तिने गाठ सोडली आणि मी चमकले. तिचा चेहरा उतरला. तिने मला कानाशी धरून दांडा फिरवला. कर्र... असा आवाज माझ्या पोटातून आधी कधी निघाला नव्हता. ती मला पालथी करून झटकायला लागली तेव्हा तळहातावर तांबूस गंज पडला. कुंचलीने तिने जमेल तेवढं झाडलं, दोन मुठी बिया दळून फेकल्या, मग पुन्हा दळलं. पाणी ओतताना धार मात्र बारीकच सोडली.

खुशाल नावाचा मॅनेजर समोर उभा होता. भला माणूस, पोट सुटलेला. "वास तं मस्त येऊन राहिला, बाई," तो म्हणाला आणि त्याने कपाला हात घातला.

ज्योत्सनाने आधी चमचाभर चाखली. आंबट, लोखंडी, जिभेला पकडणारी. तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि सिंकमध्ये ओतला.

"साहेब, हे देन्यासारखी नाही. चक्कीले पानी लागलं हाये. मले आठ दिवस द्या."

"अवो, मी पितो ना! मले कॉफीतलं काही समजत नाही. मालकानं सांगतलं म्हनून पाहून राहिलो."

"मले समजते ना साहेब," ती म्हणाली.

"मंग मिक्सरात दळा."

मिक्सरला आलं-लसणाचा वास होता. तिने झाकण उघडलं, हुंगलं आणि मान हलवली. खुशालने घड्याळ बघितलं आणि बाहेर बसलेल्या दुसऱ्या बाईला बोलावलं. तिचं नाव उषाबाई. तिने दुधात पुडीतली तयार पावडर टाकली, चार चमचे साखर घातली, खळखळ उकळली. खुशालने फुरके मारत प्यायली. "वा! अशी पाहिजे," तो म्हणाला. ज्योत्सना तेव्हा मला धडप्यात परत बांधत होती. त्याने ती माझी गंजकी कॉफी सुद्धा अशीच वा म्हणत प्यायली असती, आणि हे तिलाही कळलं. गाठ तिला दोनदा मारावी लागली.

घरी गुणाबाई दारातच बसली होती. "का म्हनले साहेब?"

ज्योत्सनाची नजर तिच्या हातांवर गेली. चिंचेने म्हातारीची बोटं अजून काळी होती. मला वाटलं, आता हिने फाडफाड बोलावं. माझ्या दातांसाठी नाही तर निदान स्वतःच्या कमरेसाठी तरी.

"जागा आधीच भरली होती, मामी," ती म्हणाली. "पन चक्की लय चमकून राहिली म्हने. कोनं घासली, इचारत होते."

गुणाबाईचा चेहरा असा फुलला की मला तिचा राग धरणं अवघड झालं. गल्लीभर सांगून आली, रिसॉर्टच्या साहेबाने आपल्या घासण्याचं नाव घेतलं म्हणून.

साहेबांचं पार्सल त्यानंतरही आलं. ज्योत्सनाने ते फोडलं नाही, डब्यात ठेवून दिलं. आता ती सगळ्यांबरोबर दुधाचा चहा पिते आणि रोवण्याला जाते. मागच्या दारात कोंबड्या एकट्याच असतात.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला काहीतरी विनवतात, तर मीही विनवते. कोणाच्या हत्याराला माया लावायची असेल तर आधी त्याला काय चालतं ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावं, समोरचा नाक मुरडत असला तरी सांगावं. पण ज्योत्सना आता कधी सांगणार नाही. सांगितलं तर म्हातारीला कळेल की त्या दिवशी काय झालं.

म्हणून दर शनिवारी गुणाबाई मला खाली काढते, बादलीत बुचकळते आणि आतून-बाहेरून धुते. ज्योत्सना शेजारी बसून पाणी ओतते.