शून्य आलं की ठीक

"डोळ्यांचा फोटो काढून दहा दिस झाले, अन् पोरगी अजून उजेडाकडं बघत नाय. म्हणे, काय असतं तर फोन आला असता! फोन तर माझ्या जावयाचाबी येत नाय."

खिडकीबाहेरच्या बाकावर मखमलाबादच्या ठमाबाई नातीला मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या. आत संगणकाशी बसलेल्या सुवर्णाने चहाचा कप खाली ठेवला.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचे फोटो या छोट्या दवाखान्यातून रोज पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जात. ते आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने दिलेले हुकूम, सुवर्णाची. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, कुकरच्या शिट्ट्या मोजत शिकलेली. डोळ्यात खोट दिसली तर डॉक्टर त्याच दिवशी फोन करत. फोन नाही म्हणजे सगळं ठीक, असा इथला रिवाज.

तिने नोंद उघडली. रोजची एकच ओळ : श्री. फोटो पोचले. तरी जीव थाऱ्यावर येईना. तिने पाठवायचा हुकूम तेवढा एकटा चालवून पाहिला. परवानगी नाही, असं इंग्रजीत उमटलं.

तिने पुण्याला फोन लावला.

"इकडचा पासवर्ड बदलून बारा दिवस झाले की," तिकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याकडून काहीच येईना. आम्हाला वाटलं, बाळंच नसतील."

नऊ बाळं होती.

पाडव्याला रजिस्टर बंद होऊन नोंद संगणकावर आली, तेव्हा रजिस्टर लिहिणारे कारभारीभाऊ अडून बसले होते, "श्री लिहिल्याशिवाय नोंद होत नसते, ताई." म्हणून तिने श्री छापायची ओळ घातली. नेमकी फोटो पाठवणं आणि 'जमलं का?' विचारणं यांच्या मधोमध. स्क्रिप्टला फक्त लगेच आधीच्या कामाचं कळतं. काम जमलं की संगणक शून्य देतो; शून्य आलं की ठीक. बारा दिवस स्क्रिप्ट विचारत होती, श्री छापलं का? आणि श्री बापडं रोज छापलं जात होतं.

श्रीची ओळ वर सरकवून, नवा पासवर्ड घालून तिने नऊही बाळांचे फोटो पाठवले. अर्ध्या तासात फोन वाजला. ठमाबाईंच्या नातीला आजच्या आज पुण्याला आणा. उशीर झालाय.

"पुढच्या तपासणीला बोलावलंय, असं सांगू," प्रतिभा सिस्टर हळूच म्हणाल्या. "आता गेले ना फोटो? मग झालं."



सुवर्णा उठली. ती बाहेर गेली आणि बाकावर टेकली. बाळ डोळे उघडे ठेवून भलतीकडेच बघत होतं.

"मावशी, गाडी बोलावलीये, आत्ताच पुण्याला निघायचं. फोन आला नाही तो सगळं ठीक होतं म्हणून नव्हे. फोटो गेलेच नव्हते. दहा दिवस तुमच्या नातीचे डोळे कुणी पाहिलेच नाहीत. चूक माझी आहे."